रस्ता जरासा डावीकडे

पैपुस सरोवर गोठलं की आमच्या गावाला
एक रस्ता जास्तीचा मिळायचा.
मोठी माणसं बर्फात फरच्या फांद्या रोवत जायची,
वीस-वीस पावलांवर एक,
थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
धुकं असो, वादळ असो,
फांदी दिसली की पाऊल टाकायचं.
एवढाच नियम.
तो मोडायला नऊ-दहा वर्षांचं वय पुरतं.

कल्पना येव्लाम्पीची.
उस्तीन्या म्हणाली, तीनच हं.
मी काहीच म्हणालो नाही; मी फांद्या उपटल्या,
कारण धड हातमोजे माझ्याकडेच होते.
तीन फांद्या, जरासं डावीकडे,
ओढ्याच्या मुखाशी,
जिथं बर्फाखाली पाणी रात्रभर जागं असतं.
रस्ता वाकवता येतो का, बघायचं होतं.

आला.

पहाटे साव्वाती मासेवाला निघाला,
साइडकारवाली मोटारसायकल, दोन रिकामी पिंपं.
दुपारी लोकांना एक पिंप मिळालं, तरंगणारं,
आणि कानटोपी.
आम्ही रोवलेल्या फांद्या बर्फासकट बुडाल्या होत्या.
पुरावा आमच्याहून शहाणा निघाला.

गाव म्हणालं, प्यायला असणार.
साव्वाती! ज्यानं चहाखेरीज काही
तोंडाला लावलं नव्हतं.
प्रार्थनाघरातल्या म्हाताऱ्यांनी
त्याच्या नावाची मेणबत्ती पेटवू दिली नाही.
त्याची मार्फा शाळेत बेवड्याची पोर झाली
आणि आम्ही तिघं तिच्या मागच्याच बाकावर,
तोंडात मिठाची गुळणी धरून.

बरं, गाव कांद्याचं.
शरदात घरोघरी कांद्याच्या वेण्या घालत बसायचे,
डोळ्यांतून पाणी आलं तर
कुणी कुणाला कारण विचारत नसे.

पुढं मी तार्तूला पळालो. छापखान्यात लागलो.
दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचा पगार घेतला
तीस वर्षं.
उस्तीन्या राहिली. फांद्या रोवायचं काम
तिनं सरपंचाकडून मागून घेतलं.
वीस नाही, दहा पावलांवर रोवते,
रात्री कंदील घेऊन पुन्हा मोजून येते.
गावाला वाटतं, हौस.
येव्लाम्पीनं मार्फाशी लग्न केलं.
प्रेम की परतफेड, मी विचारलं नाही.
त्यालाही ठाऊक असेल असं नाही.

परवा तो गेला.
तिघांत वाटलेलं आता दोघांच्या वाट्याला.
कबरीवर माती लोटताना उस्तीन्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि लगेच फावड्याकडे.

जेवणं उरकली, माणसं पांगली.
सामोवारापाशी मार्फा, उस्तीन्या आणि मी.
"झोपेत मोजायचा तो," मार्फा म्हणाली.
"एकतीस वर्षं. एक, दोन, तीन.
चारावर कधी गेलाच नाही.
मग म्हणायचा, जरासं डावीकडे.
मला आधी वाटायचं,
पलंगावर सरकायला सांगतोय.
मी सरकायचे."

तिनं माझ्या कपात साखर घातली,
किती, ते न विचारता. ढवळली.
चमचा कपाच्या काठाला लागत राहिला.

"यंदा रस्ता कधी, उस्तीन्या?"

"यंदा बर्फच धरला नाही.
जानेवारी संपत आला, पाणी उघडंच आहे.
फांद्या तोडून ठेवल्यात. छपरीत वाळताहेत."

मार्फानं झाकण लावलं, चिमणी काढली,
निखाऱ्यांकडे बराच वेळ बघत बसली.

"त्यातल्या मला देशील?"

"किती?" असं उस्तीन्यानं विचारायला हवं होतं.
तिनं विचारलं नाही.